पाणाड्याचे पत्र

फार फार वर्षांपूर्वीची, विहिरींनाही माणसांसारखी नावे असत त्या काळची ही गोष्ट. एका डोंगराळ मुलखात एक म्हातारा पाणाड्या राहत होता. उंबराची दोन फाट्यांची दुबेळकी काठी हाती धरून तो रानातून चाले. काठी जिथे झुके, तिथे लोक विहीर खणत आणि खाली पाणी लागे.

त्या घराण्याची एक रीत होती. काठी पुढच्या पिढीला देताना तिला एक पत्र बांधायचे. जन्मभरात जे शहाणपण पदरी पडले, ते त्यात लिहायचे.

म्हाताऱ्याला एकच मुलगी. एका दुपारी तो उंबराखाली बसून तिच्यासाठी पत्र लिहू लागला. खरे बोल, कष्टाला लाजू नकोस, तहानलेल्याला परत पाठवू नकोस. लिहिलेले त्याने दोनदा वाचले, स्वतःवरच खूश झाला, आणि तिथेच त्याचा डोळा लागला.

स्वप्नात तो एका कोरड्या विहिरीच्या काठावर बसला होता. आत पाण्याऐवजी पांढरे ढग तरंगत होते. त्या ढगांतून एका बेडकाने डोके वर काढले.

"पाणी कधी येणार?" बेडकाने विचारले. "तूच सांगितलं होतंस ना?"

म्हाताऱ्याने विहीर ओळखली. ऐन तारुण्यात एका गावाने त्याला वाजतगाजत नेले होते. काठी काही केल्या हलेना. पण एवढ्या लोकांसमोर 'कळत नाही' म्हणायची त्याला लाज वाटली. त्याने मनगट जरासे वळवले आणि काठी झुकवली. लोकांनी आनंदाच्या भरात विहिरीचे नावही ठेवून टाकले, गोडी. दोन उन्हाळे ते बिचारे खणत राहिले. मग सारे गाव उठून गेले.

"तुझ्या पत्रात गोडी कुठे दिसली नाही," बेडूक म्हणाला आणि ढगांत बुडाला.

म्हातारा जागा झाला. मुलगी आपल्याला देव मानते; गोडीची गोष्ट वाचून तिच्या मनातून आपण उतरणार, अशी भीती त्याला वाटली. तरीही त्याने सारे लिहिले, मनगटासकट.

मुलीने पत्र वाचले. म्हाताऱ्याला मान वर करवेना. मग तिने ते पत्र काठीला बांधले, अगदी आपल्या मनगटाला लागेल असे.

म्हातारा गेला. पुढे मोठा दुष्काळ पडला. राजाने मुलीला बोलावले आणि आपल्याला आवडलेल्या माळावर नेले. कुदळी तयार होत्या, पूजेचा नारळही आला होता. काठी हलली नाही. प्रधान कानाशी कुजबुजला, की काहीतरी सांगून टाक. तिचे मनगट वळूही लागले होते, तेवढ्यात पत्र हाताला टोचले.

"महाराज, इथं पाणी आहे का, मला कळत नाही," ती म्हणाली.

राजा संतापला. तिने त्याला पत्र वाचून दाखवले. ऐकता ऐकता त्याचा राग निवळला आणि त्याने तिला पुढे जाऊ दिले. सातव्या दिवशी, एका ओसाड टेकडीमागे, काठी आपोआप झुकली.

तिथे खणले तर झरा लागला. पहिल्याच पाण्यात कुठूनसा एक बेडूक येऊन पोहू लागला. मुलीने ओंजळभर पाणी चाखले आणि मगच विहिरीचे नाव ठेवले, गोडी.

तात्पर्य : मुलांसाठी आपले शहाणपण मागे ठेवावे, आणि ज्या चुकीने ते शिकवले तीही झाकून ठेवू नये.