घरट्यातला चिखल

“...आणि सृष्टीच्याही आधी काय होतं, महाराज?”

केवलगिरी महाराज आसनावर बसून शेंगा सोलत होते. “पोथीत काय म्हटलंय?”

विश्वंभरनं घडाघडा म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही.

“उत्तर तर तुझ्यापाशीच आहे. मग विचारतोस कशाला?”



मठाची रीत जुनी होती. ज्याच्या प्रश्नानं गुरू आसनावरून उठेल, त्यानंच बाहेर जाऊन मुलांना शिकवायचं. खालच्या गावची पाठशाळा विश्वंभरची वाट बघत होती. बारा वर्षांत आत्म्यापासून आकाशापर्यंत सगळं विचारून झालं, पण महाराज ढिम्म. खरं सांगायचं तर त्याला विचारायचं काहीच नव्हतं. पाठांतर दाखवायचं होतं.

तो तणतणत विहिरीवर गेला, आणि थोड्या वेळात पळतच परत आला. नमस्कार करायचंही विसरला. हातात बाभळीवरून पडलेलं सुगरणीचं अर्धवट घरटं होतं.

“यात चिखल का?”

“कुठे?” महाराजांनी घरटं हातात घेतलं.

“हा, आतून थापलाय. वाऱ्यात हलू नये म्हणून वजन घातलं म्हणावं, तर ते बुडाशी नको का? इतकं वर कशाला?”

“पडताना लागला असेल.”

“खाली कोरडा खडक आहे. आणि झाडावरच्या घरट्यातही आहे. मी चढून पाहिलं.” त्याचे हात काट्यांनी ओरबाडले होते.

“सगळ्या घरट्यांत?”

“एकच पाहिलं.”

“एकच? अरे, चल की मग.”

मांडीवरच्या शेंगा सांडल्या. म्हातारा अनवाणीच धावत सुटला.

बाभळीखाली दोघं श्वास रोखून उभे राहिले. एक पक्षी चोचीत ओला चिखल घेऊन आला, घरट्यात शिरला, थापून गेला. पुन्हा आला. विश्वंभरनं महाराजांचा दंड घट्ट धरला होता. इतका आनंद त्याला कुठल्या पोथीनं दिला नव्हता.

मग त्याच्या एकदम ध्यानात आलं.

“महाराज... तुम्ही उठलात.”

“हो रे. मलाही कळलं नाही.”

“पण चिखल का?”

“मला नाही माहीत.”

“मलाही नाही. मग पाठशाळेत मुलांना सांगू काय?”

महाराजांनी ते अर्धवट घरटं त्याच्या ओंजळीत ठेवलं.

“आजच निघ. उत्तर सापडायच्या आत पोहोच.”