पालथी वाटी

फार फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. अलीकडचं थोरलं गाव, पलीकडचं धाकटं. थोरल्या गावात दगडी घरं, घरोघरी परसात विहीर आणि पंचक्रोशीत नाव असलेले एक वैद्यबुवा. धाकट्या गावात कुडाच्या भिंती, दावणीला म्हशी आणि औषधपाण्याला एक म्हातारी सुईण. दोन्ही गावांवर ऊन सारखंच पडायचं आणि आठवड्याचा बाजारही एकच होता.

त्या बाजारातूनच एका थंडीत ताप आला. अंग फणफणायचं, छाती भरून यायची, खोकून खोकून माणूस अर्धमेलं व्हायचं. एकाचा ताप दुसऱ्याला लागायचा. दोन्ही गावांत तो एकाच आठवड्यात पोचला.

थोरल्या गावचे पाटील धावतपळत वैद्यबुवांकडे आले. वैद्यबुवा हुशार होते यात शंका नाही, पण त्यांच्या पायाला भिंगरी होती आणि कानांना घाई. समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर आलं की यांचं उत्तर तयार.

"वैद्यबुवा, हा ताप..."

"लागट आहे, पाटील! ज्या घरात ताप, त्या घराच्या दारात बाभळीचे काटे लावा. आतलं कुणी बाहेर नको, बाहेरचं कुणी आत नको."

"पण मग त्यांच्या खाण्यापिण्याचं..."

"ते बघू मागाहून. आधी काटे!"

पहिले काटे तेल्याच्या दारात लागले. घरात म्हातारा आणि म्हातारी, दोघंच. त्यांची लेक त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे दिलेली होती. ती पाण्याची कळशी आणि भाताची पेज घेऊन आली, तर पाटलांच्या माणसांनी तिला कोपऱ्यावरूनच परत पाठवलं. परसात विहीर होती म्हणा, पण तापाने थरथरणाऱ्या हातांनी रहाट कोण ओढणार? सहाव्या दिवशी काटे काढले तेव्हा दोघंही गेलेली होती. तापाने गेली की तहानेने, हे कुणी विचारलं नाही.

आणि मग मोठीच नवलाई झाली. त्या दिवसापासून थोरल्या गावात कुणी आजारीच पडेना! पाटलांची माणसं दारोदार फिरून विचारत, "ताप आहे का कुणाला?" आतून उत्तर येई, "छे हो, सगळे ठणठणीत." दार मात्र चार बोटांहून जास्त उघडत नसे.

या ठणठणीत घरांतून तिरड्या निघू लागल्या.

पंधरा दिवसांनी पाटलांनी हिशेब जुळवायला घेतला आणि कपाळाला हात लावला. सांगितलेले आजारी नऊ, तेही पहिल्या सहा दिवसांतले, आणि मेलेले एकवीस. "वैद्यबुवा, आजाऱ्यांपेक्षा मेलेले जास्त? हे कुठलं गणित?"

"उद्या सांगतो," वैद्यबुवा म्हणाले. असं कधी झालं नव्हतं. ते अंगणात येरझाऱ्या घालू लागले. बसले की उठत, उठले की पोथ्या उघडत, उघडल्या की मिटत. त्यांची बायको म्हणाली, "अहो, दोन घास तरी खा." त्यांनी घास हातात घेतला आणि तसाच ताटात ठेवला.

त्यातच नदीवरच्या नावाड्याने बातमी आणली की धाकट्या गावात आजारी साठ आहेत, पण मेलेत फक्त दोघं.

"साठांत दोन?" वैद्यबुवा ताडकन उठले. "म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी औषध आहे!" आणि अंगरखाही न घालता ते नावेत जाऊन बसले. नाव आपली तिच्या चालीने चालली होती. वैद्यबुवा मात्र नावाड्याला म्हणत राहिले, "जरा हात उचल की बाबा!"

पलीकडे उतरल्यावर जो भेटेल त्याला ते विचारू लागले. लांबूनच, हे सांगायला नको. एक गवळी म्हणाला, "आमची नाचणी तशी हाय. खाणारा मरत नाय." कुंभारीण म्हणाली, "आमच्या मातीचा गुण हो." देवळाच्या पायरीवरचा म्हातारा म्हणाला, "देवी आमची पाठराखीण!" वैद्यबुवांनी नाचणी बांधून घेतली, माती पुडीत घेतली आणि देवीला नमस्कारही करून ठेवला. पण मन काही मानेना. नाचणी थोरल्या गावातही होती. माती तर एकाच नदीची. आणि देवीच्या जत्रेला दोन्ही गावं जात.

हिंडता हिंडता त्यांना एक गोष्ट दिसली. प्रत्येक ओट्यावर एक वाटी होती. बहुतेक वाट्या उताण्या, काही पालथ्या, त्यांच्याशेजारी काहीतरी झाकून ठेवलेलं. शेजारीण यायची, उताण्या वाटीत लांबूनच पळीने काहीतरी पांढरं घालायची आणि पुढे जायची.

सुईण आपल्या ओट्यावर बसली होती. वैद्यबुवांनी अंगणातूनच विचारलं, "आजी, त्या वाटीत काय घालतात?"

"विरजण, वैद्यबुवा. आमच्यात कुणी आपलं विरजण आपल्या दुधाला लावत नाय. रोज सकाळी शेजारच्याकडनं घ्यायचं. माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आलंय. आपल्याच विरजणाचं दही माजोरडं व्हतं म्हणं. आधी आम्ही चुलीपाशी बसून द्यायचो, घटकाभर बोलायचो. आता ताप हाय, म्हणून वाटी बाहेर ठेवतो. आन् ज्याची वाटी..."

"विरजण!" वैद्यबुवांचे डोळे लकाकले. "म्हणजे औषध विरजणात आहे!"

"अवो, पुरतं ऐका तर. ज्याची वाटी पालथी..."

पण वैद्यबुवांनी तोवर गाडगं पुढे केलं होतं. सुईणीने मान हलवली आणि ते विरजणाने काठोकाठ भरलं. ती मागून काही ओरडून सांगत राहिली. वैद्यबुवांचे पाय मात्र नदीच्या वाटेला लागले होते.

थोरल्या गावात त्या दिवशी सणासारखी धावपळ झाली. धाकट्या गावचं विरजण घरोघर वाटलं गेलं. ज्याने त्याने ते आपल्या घरात नेलं, दार लावून घेतलं, दही लावलं आणि रोज वाटीभर खाल्लं. दही छान लागलं, अगदी कवडीदार. आठ दिवसांत आणखी चौदा माणसं गेली.

नवव्या दिवशी वैद्यबुवांच्या बायकोला ताप भरला.

सकाळी ती चुलीपाशी बसली ती उठलीच नाही. वैद्यबुवांनी नाडी धरली. तोच ताप होता. त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल? काढा उकळला? नाही. उठून पुढचं दार लावलं, मग मागचं, मग खिडकी.

शेजारच्या बाईंनी हाक मारली, "वहिनी दिसल्या नाहीत आज?"

"माहेरी गेलीय!" वैद्यबुवा आतून म्हणाले. 

तीन दिवस ते घरात एकटे झटले. स्वयंपाक येत नव्हता. पेज लागली, भात कच्चा राहिला. पाणी शेंदता शेंदता त्यांचेच हात लटपटू लागले, कारण आता त्यांच्याही अंगात कणकण आणि घशात खवखव होती. तरी कुणाला संशय नको म्हणून उपरणं गळ्याभोवती घेऊन ते चार घरी नाड्या पाहून आले. येताना वाटेत खोकले, तेव्हा चारी बाजूंना पाहून घेतलं. तापापेक्षा त्यांना आता काट्यांचं भय वाटत होतं. तेल्याचं दार राहून राहून डोळ्यांपुढे येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको क्षीण आवाजात म्हणाली, "अहो, एक विचारू?"

"बोलू नकोस. दम लागतो तुला."

"आज तरी पुरतं ऐकून घ्या माझं. तुम्ही गावचे वैद्य. तुम्हीच माझा ताप लपवताय. मग बाकीच्या घरांत काय चाललं असेल?"

 पाटलांचं न सुटणारं गणित वैद्यबुवांपुढे सुटून पडलं होतं. नऊच आजारी कसे, एकवीस मेले कसे, सगळं. लोक आजारी पडत होते, पण सांगत नव्हते. न सांगता बाजारात जात होते, विहिरीशी कोसळत होते, बंद दाराआड एक घोट पाण्यासाठी तडफडत होते. ताप बाजारातून आला होता, पण माणसांची तोंडं बंद केली ती वैद्यबुवांच्या काट्यांनी. आणि आपण स्वतः खोकत खोकत चार घरं हिंडून आलो! त्यांना इतकी लाज वाटली की बायकोकडे वर मान करून बघवेना.

मग त्यांना धाकट्या गावच्या पालथ्या वाट्या आठवल्या. त्यांना वाटलं होतं की धुऊन वाळत घातल्या असतील. आता आठवलं, प्रत्येक पालथ्या वाटीशेजारी झाकलेली पेज होती, पाण्याची कळशी होती. सुईण तेच सांगत होती. ज्याची वाटी पालथी, त्याच्या घरात ताप. दार बंद ठेवायचं, पण ओट्यावर पेज पोचवायची. तिथे आजार सांगितला की पेज यायची, मग लपवेल कोण?

वैद्यबुवा उठले. बायकोला ते सांगत फडताळातून वाटी काढली. दाराच्या कडीवर हात ठेवला आणि तो हात तिथेच अडला. वाटी ठेवली तर काटे लागतील. काटे लागले तर ही वाचायची नाही. मीही दोन दिवसांत आडवा होईन, मग हिला पाणी कोण देणार?

"ठेवा," आतून आवाज आला. "कुणीतरी पहिलं ठेवायला हवं. काट्यांचा नियम तुमचाच आहे ना?"

भर दुपारी सगळ्या गावादेखत वैद्यबुवांनी दार उघडलं, वाटी ओट्यावर पालथी घातली आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले, "माझ्या घरात ताप आहे! बायकोला आहे, मलाही आहे! आत कुणी येऊ नका. पण आम्हाला पाणी हवंय!"

दार लावून ते खिडकीच्या फटीला डोळा लावून बसले. एक माणूस आला, वाटी बघून रस्त्याच्या पलीकडून गेला. एक बाई पोराला ओढत पळाली. ऊन ओट्यावरून सरकत अंगणात गेलं. घरातला माठ कोरडा झाला होता. बायकोचे ओठ सुकले होते. वैद्यबुवा उठत होते, बसत होते, पुन्हा फटीशी जात होते.

आणि मग पाटलांची दोन माणसं बाभळीच्या फांद्या घेऊन कोपऱ्यावर आली.

त्यांच्या आधी मात्र कुणीतरी ओट्यापाशी पोचलं होतं. पदर नाकातोंडावर बांधलेली एक बाई. तिने कळशी टेकवली, पेजेचं भांडं ठेवलं, चार पावलं मागे सरली आणि फांद्यांच्या वाटेत उभी राहिली. ती तेल्याची लेक होती.

वैद्यबुवांनी खिडकी उघडली. "तू?" ते म्हणाले. "तू कशाला आलीस, पोरी? तुझ्या आईबापाला मी..."

"वैद्यकाका, आईच्या दारात काटे होते. मला पोचता आलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, रागाने की रडण्याने ते कळत नव्हतं. "त्या दिवसापासून रोज पेज करते आणि कुणाला देऊ म्हणून बसून राहते. तुमच्या दारात काटे लागायच्या आत आले. आधी पाणी घ्या."

 पाटलांच्या माणसांतल्या एकाने फांदी खाली टाकली आणि हळूच विचारलं, "वाटी... कोणतीही चालते का? माझ्या भावाला पाच दिवस झाले."

दुसऱ्या दिवशी थोरल्या गावात अकरा वाट्या पालथ्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्रेसष्ट. पाटील घाबरेघुबरे होऊन खिडकीखाली आले. "वैद्यबुवा, घात झाला! तुमच्या वाटीने तर रोग पसरला!"

"पसरला नाही, पाटील. दिसला," आतून खोकत वैद्यबुवा म्हणाले. "आता एक काम करा. आधी माझं बोलणं पुरतं ऐका, मग मी तुमचं ऐकतो. ते खाण्यापिण्याचं तुम्ही तेव्हा विचारत होतात ना, ते आज ठरवू."

गल्लीगल्लीने पेजेच्या पाळ्या लागल्या. ज्यांना ताप नव्हता ते पाणी भरू लागले, ज्यांना होता ते बिनघोर घरात पडून राहिले. त्यानंतरही काही माणसं गेली. तापच तसा होता. पण पूर्वी एका आठवड्यात जात तेवढी पुढच्या दोन महिन्यांत गेली नाहीत. वैद्यबुवांची बायको एकविसाव्या दिवशी चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "कुणी भात असा लावतं का हो?"

ताप ओसरला. बाभळीचे काटे वैद्यबुवांनी आपल्या हातांनी गोळा करून जाळले. तेव्हापासून थोरल्या गावातही कुणी आपलं विरजण आपल्या दुधाला लावत नाही.

वैद्यबुवांना सख्खे शेजारी होते. तरी आयुष्यभर ते रोज सकाळी रिकामी वाटी घेऊन दोन गल्ल्या चालत तेल्याच्या लेकीच्या दारात जाऊन उभे राहत. ती बाहेर येई, पळीभर विरजण घाली. तिने त्यांना मनातून माफ केलं की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. पण विरजण द्यायला ती एकाही दिवशी चुकली नाही.

तात्पर्य: साथ सगळ्या गावांत सारखीच शिरते, कुठे किती माणसं दगावतात ते मात्र, आजाऱ्याच्या दारात गाव काटे ठेवतं की पेज, यावर ठरतं.