बॅटरीचा चातुर्मास

"…पण रिकामी करूनच ठेवायची ना, माई?"

प्रश्न सर्जेरावाचा होता आणि वेळ टळटळीत दुपारची. टळटळीत म्हणजे घड्याळापुरती. घाटमाथ्यावर धुकं उतरलं होतं. तिथलं धुकं असं, की सर्जेरावानं सकाळी त्याच्यावर पंचा वाळत टाकला होता आणि तो अजून खाली पडला नव्हता.

खिंडीतल्या त्या मठीत हौसामाई पावसाळा सोडून वर्षभर राहायच्या. कोकणातून चढून येणाऱ्या वाटसरूंसाठी दाराशी खांबावर एक दिवा, दिव्याला एक बॅटरी, बॅटरीला छपरावरची सोलरची प्लेट. विजेच्या तारा तिथवर कधी पोचल्याच नाहीत. पावसाचे चार महिने वाट बंद, वाटसरू बंद. मग मठीला कुलूप लावून माई खालच्या वाडीत उतरायच्या.

आज उतरायचा दिवस. माई गाठोडं घेऊन बाहेर आल्या, तर खांबावरचा दिवा भर दुपारी पेटलेला.

"हे काय रे?"

"परवापासून चालू ठेवलाय. रिकामी करतोय बॅटरी." सर्जेरावाची छाती थोडी पुढं आली. "चार महिने पडून राहणार ती. भरलेलं मागं ठेवायचं म्हणजे जीव मागं अडकवून ठेवायचा. तुम्हीच म्हणता ना, रितं व्हावं."

रितं होण्यात सर्जेरावाचा हात धरणारा कोणी नव्हता. माणदेशातलं गाव आणि बापाची पिठाची गिरणी सोडून तो वर आला. आल्याआल्या मोबाईल देऊन टाकला. मग गादी. मग चहातली साखर. सावलीसुद्धा देऊन टाकणार होता, पण घ्यायला कोणी पुढं आलं नाही. एवढं सगळं झाल्यावर आज उतरण्याआधी माई आपल्याला दीक्षा देणार, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती.

उंबऱ्यापुढं पायरी म्हणून एक जुनी बॅटरी टाकलेली होती. तिच्यावर माईंनी काठी आपटली.

"हिला ओळखतोस?"

"पायरी आहे."

"तुझ्या आधी एक होता. त्यानंही हिला अशीच रिकामी करून ठेवली. दसऱ्याला वर येऊन बघतो तर… अगदी शांत. ऊन दाखवलं, हलली नाही. तारा जोडल्या, बोलली नाही. कसली म्हणून इच्छा उरली नव्हती बाईला."

"मग?"

"मग त्यानं हिला हार घातला. म्हणाला, माई, हिला समाधी लागली!" माई नाकातल्या नाकात हसल्या. "त्या हिवाळ्यात खिंडीत दिवा नव्हता. दोन म्हशी आणि एक नवरदेव रात्रभर इथल्या इथं गोल फिरले. म्हशी सकाळी पोचल्या. नवरदेव आठवड्यानं पोचला. तो मुद्दाम उशिरा गेला असं म्हणतात, ते सोड."

सर्जेराव हसला नाही. धावत जाऊन त्यानं दिवा मालवला. तसा तो विझतच आला होता.

"म्हणजे भरून ठेवायची?"

"काठोकाठ."

"आणि तारा?"

"काढायच्या. एकही नको."

"भरायची… आणि कशालाच जोडायची नाही?"

माईंनी मान डोलावली.

सर्जेरावानं वर पाहिलं. वर धुकं, खाली धुकं, छपरावरची प्लेट ओल्या पाटीसारखी काळीकुट्ट. आता या माथ्यावर सूर्य दिसणार तो दसऱ्यालाच. तोवर बॅटरी अशीच राहिली, तर उंबऱ्यापुढं दुसरी पायरी. तीही त्याच्या हातची. आणि खिंडीत पुन्हा काळोख.

माई पूर्वेकडं पाहत होत्या. डोंगर त्या अंगाला उतरत जातो, ढग मागं राहतात, आणि पुढं लागतो माणदेश. तिथं ढग आलेच तर वाट विचारण्यापुरते थांबतात आणि पुढं जातात.

"तुझ्याकडं पावसाळ्यातही ऊन असतं, नाही का रे?"

"साताऱ्यात एखाद्या दुकानात ठेवतो," सर्जेराव घाईघाईनं म्हणाला.

"भरली तरी बसल्या जागी उतरत जाते ती. अधूनमधून ऊन दाखवावं लागतं. आतलं पाणी बघावं लागतं. दुकानदार करील?"

"नाही करणार."

"गिरणीवर पत्रा आहे ना?"

"माई, त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणून सांगून आलोय मी. सगळ्या तारा तोडून आलोय!"

"कोणाला सांगितलंस?"

"आप्पांना. भरल्या ताटावरून उठून सांगितलं."

"आप्पा काय म्हणाले?"

सर्जेरावानं धुक्याकडं पाहिलं. पंचा अजून तिथंच होता.

"'जेवून जा' म्हणाले."

"जेवलास?"

"…नाही."

माईंनी कोनाड्यातला पाना काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

त्यानं एक तार सोडवली. मग दुसरी. ठिणगीही उडाली नाही. उडण्याइतकं आत काही उरलंच नव्हतं. टोकांवर धरलेली पांढरी भुकटी त्यानं फडक्यानं पुसली. छपरावरची प्लेट उतरवून पाठीला बांधली. धुक्यावरचा पंचा ओढला, त्याची घडी खांद्यावर ठेवली आणि घोंगडीत गुंडाळलेली बॅटरी वर घेतली.

रिकामी होती, तरी वजन भरलेल्या बॅटरीएवढंच.

"आडवी करू नकोस," माई म्हणाल्या. "आतलं सांडतं. उभीच ने."

सर्जेराव चार पावलं चालला. त्याच्या डोळ्यांपुढं उन्हानं तापलेला गिरणीचा पत्रा आला. त्या पत्र्याखाली भुवयांवर पीठ घेऊन उभे असलेले आप्पा आले. ते आधी बॅटरीकडं बघतील की आपल्याकडं, याचा त्याला काही केल्या अंदाज येईना. आज घरात भाजी कसली असेल, असाही एक भलताच विचार मनात आला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या पोटात कावळे असे काही कोकलले, की खालच्या वाडीत लोकांनी म्हणे घास काढून ठेवला.

तो थांबला. मागं वळला.

"माई… आणि माझी दीक्षा?"

माईंनी कुलपात किल्ली फिरवली. कुलूप एकदा ओढून पाहिलं.

"आधी जेवून ये."