कोऱ्या भिंतीचे राखणदार

त्या राज्यात गोगलगाई रेघा काढत, आणि ज्याने सर्वांत कमी रेघा काढल्या असतील त्याला सर्वांत जास्त मान असे. शंखोबांचा मान सर्वांत मोठा होता, कारण त्यांनी एकही काढली नव्हती.

राज्याच्या मधोमध एक पांढरी भिंत होती. तिच्यावर एके दिवशी निर्दोष रेघ उमटणार, असं ज्येष्ठांनी ठरवलं होतं. त्या रेघेसाठी अंगातली ओल जपायची म्हणून ते भिंतीच्या पायथ्याशी बसून असत. पहिलं वळण डावीकडे घ्यावं की उजवीकडे, यावर तीन पावसाळे चर्चा चालली. चौथ्या पावसाळ्यात त्यांनी उपसमिती नेमली.

लवंगी नावाची एक तरुण गोगलगाय मात्र रोज सकाळी, दव असेपर्यंत, त्याच भिंतीवर एक रेघ काढी. पहिली रेघ शेवाळात जाऊन अडकली. दुसरी गोल फिरून तिच्याच शेपटीला भिडली. नववी बरी चालली होती, पण वाटेत मुंगी भेटली आणि गप्पांच्या नादात रेघ उताराला लागली. रेघ संपली की लवंगी खालच्या पाल्यावर टपकन पडे, मान वर करून पाही, "हं, इथे घाई झाली," एवढंच म्हणे आणि भरपेट पाला खाई.

शंखोबांना तिच्या चुकांचा राग नव्हता. चुकल्यावरही तिला भूक लागते, याचा होता.

"पोरी, भिंत घाण होतेय," ते एकदा म्हणाले. "आमच्या वेळी आम्ही आधी विचार करायचो."

"मग काय ठरलं, आजोबा?"

"ठरवतोय."

शेवटी ज्येष्ठांनी फर्मान काढलं: येत्या पंचमीला लवंगीनं सर्वांसमोर निर्दोष रेघ दाखवावी, नाहीतर भिंत तिला कायमची बंद. त्यानंतर लवंगीला पाला गोड लागेना. रोजची रेघ मात्र तिनं चुकवली नाही.

पंचमीला सगळं राज्य जमलं, तेव्हा लवंगीची त्या दिवसाची रेघ काढून झाली होती. ती अर्ध्या भिंतीपर्यंत गेली होती आणि मध्ये एक गचका होता.

"हीच का निर्दोष?" उपसमितीनं विचारलं.

"नाही," लवंगी म्हणाली. "निर्दोष कशी असते ते मी कधी पाहिलेलंच नाही. तुम्ही एक काढून दाखवा, मी बघून गिरवते."

सगळे शंखोबांकडे पाहू लागले. आता माघार घेता येईना. ते भिंतीला लागले. बोटभर सरकले, मागे काहीच उमटलं नाही. जपलेली ओल केव्हाच सुकून गेली होती. आणखी बोटभर सरकले आणि पाठीवर पडले. शंखात काहीतरी खुळखुळलं.

"हा सराव होता," उपसमितीनं नोंद केली.

दुसऱ्या खेपेला शंखोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच बाजूला सरकून लवंगीच्या रेघेवर पाय टेकला. ती अजून ओली होती. पाय भिंतीला धरून राहिला. लवंगी जिथे वळली होती तिथे ते वळले, जिथे गचका होता तिथे त्यांनाही गचका बसला. अर्ध्या भिंतीवर रेघ संपली, तसे तेही थांबले. पुढे नुसता कोरडा चुना होता.

मग वरून खोकल्याचा आवाज आला.

"लवंगी," शंखोबा म्हणाले, "उद्या जरा लवकर येशील का?"

त्यांच्या मागे, गचक्यापासून पार खालपर्यंत, उपसमिती एका रांगेत खोळंबली होती.