बोडक्या डोंगराची जुलेखा

आंबेघोळच्या धावडवाडीमागचा डोंगर पार बोडका आहे. भोवताली दाट रान आणि मधेच हा एकटा, राखाडी. माथ्यावर पाय घासला की मातीखालून कोळसा वर येतो. आम्ही पोचलो तेव्हा वारा पडला होता, आणि कुणीतरी मागे उभं आहे असं मला उगीचच वाटत होतं. वाट दाखवायला आलेले दाऊदमामा सत्तरीचे. ते म्हणाले, "बसून घ्या. हे उभ्यानं कुणी सांगत नाही."

पूर्वी म्हणे इथले धावड दगड भाजून लोखंड काढत. त्यांच्यातला आदम सगळ्यांत जाणता. मृगाच्या खांद्यावरचा तांबडा तारा तिन्हीसांजेला उगवू लागला की तो वर्षाची पहिली भट्टी पेटवी. ताऱ्याकडे बोट करून म्हणे, "आम्ही जुळे भाऊ."

एका वर्षी आदम अंथरुणाला खिळला, आणि त्याच हिवाळ्यात तो तारा मंदावला. लोक कुजबुजू लागले, दोघे बरोबरच जाणार. आदमची एकुलती लेक जुलेखा लहानपणापासून भाता ओढत आलेली. भट्टी पांढरीफटक असली म्हणजे ऐन भरात, तांबडी पडली म्हणजे कोळसा कमी पडला, एवढं तिला पक्कं ठाऊक. ताऱ्याचंही तेच झालंय, असं तिनं धरलं. त्याला धग पोचवली की अब्बा वाचतील.

तिनं माथ्यावरचं एक झाड तोडून पेटवलं. मग दुसरं. मग दहावं.

बाया हसल्या. "जुले, आभाळाला भाता लावतेस होय गं? शिडी कुणाची नेलीस?"

तिनं पुढच्या झाडावर कुऱ्हाड घातली.

सातव्या दिवशी ती पाणी प्यायला घरी आली, तेव्हा आदमनं तिचा हात धरला. "पोरी, तो म्हातारा झालाय. तांबडा होऊन फुगलाय. त्याच्या पोटात आता लोखंड धरतंय, आणि लोखंड जळत नसतं. वरून कितीही कोळसा घाल. तू बस इथं."

"आजच्यापुरतं जाऊ द्या, अब्बा," म्हणून तिनं हात सोडवून घेतला.

मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी खरंच लोखंड तयार होतं आणि त्यानंतर तो टिकत नाही, हे मी कॉलेजात शिकले होते. मामा तेच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तारा पुन्हा उजळलेला दिसला, असं सांगतात. जुलेखा ते सांगायला धावतच खाली आली. घरात आदम गार पडला होता, दाराकडे तोंड करून. उशाचं पाण्याचं भांडं कोरडं होतं.

त्यानंतर ती कधी भट्टीपाशी गेली नाही. डोंगरानंही पुन्हा झाड धरलं नाही.

आजही धावडवाडीत कुणाची अखेर जवळ आली की चुलीत नवं लाकूड घालत नाहीत. आहे तो विस्तव आपोआप विझू देतात, आणि माणूस जाईपर्यंत घरातलं कुणी उंबरा ओलांडत नाही, औषधालासुद्धा नाही. बाहेरचं काय ते शेजारी बघतात.

उतरताना वाडीतल्या एका घरावर धूर नव्हता. मामांनी चपला काढून हातात घेतल्या. आम्हीही घेतल्या.