कातरीनबायचा पाय

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा समुद्र गावापासून आजच्यापेक्षा दोन शेतं लांब होता. त्या किनाऱ्यावरच्या एका ख्रिस्ती गावात कातरीनबाय नावाची विधवा राहून गेली. आजाऱ्याची सेवा करायची, अनाथाला जेवू घालायचं, यातच तिचा जन्म सरला. ती गेल्यावर गाव तिला संत म्हणू लागलं. मग बिशपांचा निरोप आला, की तिचं चरित्र लिहून ठेवा, आमचे परीक्षक तपासायला येतील.

लिहायचं काम म्हाताऱ्या बस्त्यावकडे आलं. देवळातल्या बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या नोंदी तोच ठेवायचा. त्या गावची एक रीत होती. साक्ष द्यायची ती देवळाच्या घंटेचा दोर मुठीत धरून. दोर हातात आला की भल्याभल्यांची जीभ ताळ्यावर यायची. बस्त्यावनं त्यात स्वतःची भर घातली. पानाला रुंद समास सोडला आणि प्रत्येक वाक्यासमोर ते सांगणाऱ्याचं नाव लिहायचं ठरवलं.

पहिला आला पेद्रू, गावातला सगळ्यात म्हातारा ताडी काढणारा. दोर धरून म्हणाला, "बाय चिडकी होती. तरुणपणी नीट चालायची, मग एकदम लंगडायला लागली. रविवारी देवळात मिस्साच्या प्रार्थनेला कायम उशिरा. काय झालं म्हणून विचारलं तर खेकसायची."

बस्त्यावनं ते जसंच्या तसं उतरवलं. गावचा मुखिया भडकला. "अरे, संताच्या चरित्रात खेकसणं?"

"त्यानं पाहिलंय, दोर धरून सांगितलंय. राहू दे."

"मग बाय पाण्यावरून चालली तेही लिही! चमत्कार नाही तर संतपद कसलं? गाव तुला माफ करणार नाही, बस्त्याव."

ती गोष्ट गावाला तोंडपाठ होती. खडकावर कालवं काढायला गेलेलं सहा वर्षांचं पोर भरतीत अडकलं आणि कातरीनबाय लाटांवरून चालत जाऊन त्याला घेऊन आली. ते पोर म्हणजे खुद्द बस्त्याव. पण त्या दिवसानंतरच्या तापात त्याची सगळी आठवण पुसली गेली होती.

तो एकेकाला विचारू लागला, "तुम्ही पाहिलंत?" दोर धरला की ज्याचा त्याचा आवाज खाली यायचा. मासेवाली म्हणाली, "सासूनं सांगितलं." सासू म्हणाली, "रकेल आजीनं." रकेल आजीची नव्वदी उलटली होती, डोळे गेले होते. तिला दोघांनी धरून आणलं. ती बोळकं पसरून हसली.

"मला कोणी सांगितलं? तूच की रे, पोरा! बायनं तुला आधी माझ्याच दारात आणलं. ताप चढला होता, दात वाजत होते. म्हणालास, बाय पाण्यावरून चालत आली."

बस्त्यावनं लेखणी खाली ठेवली. अख्ख्या गावाचा चमत्कार एका तापलेल्या पोराच्या तोंडचा होता! लिहिला असता तर कोण अडवणार होतं? जिच्यामुळे आपण जिवंत आहोत तिला एवढंही द्यायचं नाही? दोन दिवस त्यानं लेखणीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मोठी ओहोटी होती. तो किनाऱ्यावर गेला. एरवी पाण्याखाली असणारी कातळाची एक अरुंद रांग किनाऱ्यापासून थेट त्या खडकापर्यंत उघडी पडली होती. तिच्यावर कालवांच्या शिंपल्यांचा थर होता आणि प्रत्येक शिंपल्याला सुरीची धार. त्यानं वहाणा काढल्या. चौथ्या पावलाला पाय फाटला आणि खालच्या डबक्यात लाल रेघ पसरली.

तेव्हा त्याला आठवलं. बायच्या खांद्यावर आपलं डोकं होतं, आणि मागच्या पाण्यात अशीच लाल रेघ.

लंगडत चालायची. मिस्साला उशिरा. विचारलं तर खेकसायची. आयुष्यभर तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं! म्हातारा ओल्या कातळावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

घरी येऊन त्यानं लिहिलं: "ती पाण्यावरून चालली असं मी सांगितलं. मी सहा वर्षांचा होतो, तापात होतो. ती पाण्याखालच्या कातळावरून अनवाणी आली असावी, असं आज मला वाटतं. पाण्यात रक्त पाहिल्याचं आठवतं. ती मध्येच लंगडू लागली, हे पेद्रूनं पाहिलं." समासात स्वतःचं नाव घातलं.

परीक्षक आले. सारं गाव देवळात जमलं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "अशी चाळीस चरित्रं वाचली मी. चाळीसही जण पाण्यावरून चालत होते, आणि पाहणाऱ्याचं नाव एकातही नव्हतं." त्यांनी दोर बस्त्यावच्या हाती दिला. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं.

मग परीक्षक ओहोटीची वेळ साधून कातळावर गेले. जोडे काढले, तीन पावलं टाकली आणि परत फिरले. त्यांच्या टाचेतून रक्त येत होतं. त्यांनी गुडघे टेकले.

"देवानं पाणी घट्ट केलं असतं, तर तिला चालायला काय लागलं असतं?" ते म्हणाले. "पण ही या धारेवरून गेली. आणि पोर घेऊन याच धारेवरून परत आली."

मुखियानं डोक्यावरची टोपी काढली.

ते चरित्र परीक्षकांनी स्वतः उचलून नेलं आणि कातरीनबाय संत ठरली. आजही तिच्या सणाला ओहोटीच्या वेळी गाव अनवाणी त्या कातळापाशी जातं आणि तीन पावलं टाकतं. चौथं पाऊल कोणी टाकत नाही. आणि चरित्र वाचताना सुरुवात होते ती पेद्रूच्या तक्रारीनं.

तात्पर्य: संताविषयी लिहिताना पाहिलेलं पाहिलं म्हणून आणि ऐकलेलं ऐकलं म्हणूनच लिहावं, खऱ्या थोरवीला पदरच्या चमत्काराची गरज नसते.