बेहड्यावरची हाक

एका जंगलात, टेकडीच्या अगदी टोकावर, एक जुना बेहडा उभा होता आणि त्याच्या खोडात एक सुतारपक्षी राहत असे. तो नुसता राहत नसे, तर दिवसभर टकटक करून नव्या ढोल्या कोरत असे आणि ज्याला घर नाही त्याला त्या राहायला देत असे. बेहड्यावरच्या ढोल्यांना साऱ्या जंगलात मोठी मागणी होती. का, ते ऐका. बेहड्याचे खोड आतून पोकळ होते. ढोलीच्या तोंडाशी बसून कोणी हाक दिली, की ती आत घुमायची, मोठी व्हायची आणि टेकडी उतरून थेट नदीपर्यंत जायची. नदीच्या वाळूत एक टिटवी राहत असे. बेहड्यावरची हाक कानावर आली, की ती आपल्या खणखणीत आवाजात पलीकडच्या काठाला कळवायची. एवढीशी खार टेकडीवर बोले आणि नदीपलीकडच्या तिच्या बहिणीला ते ऐकू जाई. आहे की नाही गंमत?

ढोली देण्यापूर्वी सुतारपक्षी नव्या बिऱ्हाडाला समोर बसवून आपले नियम म्हणून दाखवत असे. हाक द्यायची ती आपल्याच आवाजात, दुसऱ्याच्या नाही. ज्यांनी विचारले नाही त्यांचे कान किटवायचे नाहीत. खोड सगळ्यांचे आहे, तेव्हा एकट्यानेच ते घुमवत बसायचे नाही. दुसऱ्याचे पळवलेले आपल्या ढोलीत दडवायचे नाही. आणि जो हे मोडेल त्याची ढोली बुजवली जाईल. एवढे झाले, की नव्या बिऱ्हाडाने चोचीने किंवा पंजाने खोडावर ‘टक्’ करायचे. टक् म्हणजे ऐकले, पटले, पाळीन.

पण खरे सांगू का? नियम शेवटपर्यंत कोणी ऐकतच नसे. सगळ्यांचे डोळे आपले नव्या ढोलीकडे. खारीने तर सुतारपक्षी घसा साफ करत होता तेवढ्यातच टक् केले आणि शेपटी उडवत ती आत पळाली.

सगळे नियम मन लावून ऐकले ते फक्त धनेशिणीने. तिला ऐकणे भागच होते. धनेश पक्ष्यांची रीत फार वेगळी असते. अंडी घालायची वेळ आली, की मादी ढोलीत शिरते आणि आतून चिखलाने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी एकच फट ठेवते. आत तिची उडण्याची पिसेही गळून जातात. पिल्ले मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही आणि नर तिला फटीतून फळे भरवतो. म्हणजे ज्या झाडात ती शिरते, त्या झाडावर तिने आपला जीवच सोपवलेला असतो. म्हणून तिने सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, “एकाने नियम मोडला, तर बाकीच्यांचे काय होते?”

“ते माझ्यावर सोडा, वहिनी. मी आहे ना,” सुतारपक्षी म्हणाला.

धनेशिणीने टक् केले आणि ती आत गेली. रोज संध्याकाळी ती फटीतून एकच छोटी हाक द्यायची, आत सगळे ठीक आहे म्हणून. टिटवी ती पलीकडे न्यायची आणि नदीपारच्या उंबरावर फळे शोधणाऱ्या धनेशाला बरे वाटायचे.

मग एक दिवस राघू आला. काय त्याचा हिरवागार रंग आणि काय ती लाल चोच! येताच त्याने बेहड्याची स्तुती सुरू केली. अशा ढोल्या त्याने कुठे पाहिल्या नव्हत्या म्हणे. सुतारपक्षी लाजला, फुलला आणि नियम सांगायला बसला. तोच राघूने खोडावर टक् टक् टक् केले.

“ऐकले, दादा, सगळे ऐकले.”

“अरे, मी अजून सुरुवात केली नाही.”

“तुम्ही सांगाल ते चांगलेच असणार.”

सुतारपक्ष्याला हसू आले. त्याने सर्वांत वरची, मोठी ढोली राघूला देऊन टाकली.

राघूला काय हवे होते, ते थोड्याच दिवसांत कळले. राघूंच्या थव्यात ज्याच्या हाकेवर सगळ्यात जास्त पाखरे उडतात, तोच म्होरक्या होतो. आपल्या राघूला म्होरक्या व्हायचे होते. त्याने गावाच्या बाजूला पेरूची एक बाग हेरली होती. मग काय विचारता! उजाडल्यापासून हाका सुरू. या, पेरू पिकले. चला, पेरू गोड आहेत. पेरू न खाणाऱ्या कोतवाल पक्ष्यालाही पेरू आणि किडे टिपणाऱ्या वेडा राघू पक्ष्यालाही पेरूच. सारे खोड दिवसभर ढमढम घुमायचे. खारीला बहिणीशी दोन शब्द बोलायची सोय उरली नाही.

सुतारपक्षी राघूला एकदा हळूच बोलला. राघू म्हणाला, की दादा, माझ्यामुळे तुमच्या बेहड्याचे नाव साऱ्या जंगलात गाजते आहे. ते सुतारपक्ष्याला आवडले. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात खारीने ढोलीत बिया इतक्या कोंबल्या, की तिच्या बाजूचे खोड घुमेनासे झाले. तेव्हा मात्र सुतारपक्ष्याने तिला सगळ्यांसमोर रागावून बिया बाहेर काढायला लावल्या. खारीला रागावणे सोपे होते ना.

“म्हणजे मी गप्प बसले तरी माझी चूक आणि तो ओरडला तरी त्याचे कौतुक,” बिया उचलता उचलता खार पुटपुटली.

होता होता राघूच्या पेरूंचा सगळ्यांना कंटाळा आला. हाक आली तरी कोणी मान वळवेना. राघूने मग नवी युक्ती काढली. त्याला कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येई. त्याने वानराच्या आवाजात खेकसून पाहिले, तशा सगळ्यांच्या माना वळल्या. माना वळल्या, की लगेच पेरूंची बातमी. मग मोराचा आवाज, मग भेकराचा. राघू खूश झाला. आणि एका दुपारी, आणखी पाखरे वळावीत म्हणून, त्याने टिटव्याच्या आवाजात धोक्याची हाक दिली.

टिटवी तेव्हा वाळूत अंड्यांवर बसली होती. जोडीदार संकटात आहे असे समजून ती जिवाच्या आकांताने टेकडीकडे उडाली. बेहड्यापाशी येऊन पाहते, तर टिटवा कुठेच नाही आणि वर राघू पेरूंचे गोडवे गातो आहे. ती तशीच माघारी वळली. तोपर्यंत कावळ्याने एक अंडे पळवले होते.

दुसऱ्या दिवशी टिटवी पुन्हा बेहड्यावर आली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने एवढेच सांगितले, की बेहड्यावरून आलेली कोणतीही हाक ती आता पुढे नेणार नाही. तिचे ऐकून मोराने आणि वानरांनीही बेहड्यावरच्या हाकेकडे लक्ष न देण्याचे ठरवले.

धनेशिणीने फटीतून चोच बाहेर काढली. “टिटवीताई, मी काय केले?”

“तुम्ही काही केले नाही, वहिनी. पण नदीवरून मला झाड कळते, ढोली कळत नाही.”

त्या संध्याकाळी धनेशिणीने हाक दिली. ती टेकडी उतरून नदीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. सुतारपक्षी खाली मान घालून बसला. राघूची ढोली बुजवायला हवी हे त्याला कळत होते. उद्या बघू, असे त्याने ठरवले.

आणि उद्या कोण आले, सांगू? घोरपड!

ऊन चढले होते. धनेश नदीपार गेला होता. घोरपडीने बेहड्याच्या सालीत नखे रोवली आणि ती सरसर वर चढू लागली. तिला ढोलीतल्या कोवळ्या पिल्लांचा वास लागला होता. खार शेंड्याला पळाली. घोरपड थेट धनेशिणीच्या दारापाशी आली आणि वाळलेला चिखल नखांनी खरवडू लागली. खर्र, खर्र. ढलपे खाली पडू लागले. धनेशीण आतून चोचीने टोले देत होती, पण फट मोठी होत चालली होती. पंखांत पिसे नाहीत, पायांशी पिल्ले. ती जाणार कुठे? तिने सारे बळ एकवटून हाक दिली. बेहडा घुमला. हाक नदीवर पोचली.

टिटवी जागची हलली नाही.

मदतीला कोणीच येईना, ते पाहून राघू घाबरला. तो वाईट नव्हता हो. त्याला खरोखर वाटले, की आपण मदत करावी. तो ढोलीच्या तोंडाशी आला आणि त्याने धनेशिणीच्या आवाजात हाक दिली. मग मोराच्या आवाजात दिली, वानराच्या दिली, टिटव्याच्याही दिली. जितके आवाज येत होते तितके सगळे काढले. आणि नदीवर टिटवीच्या मनात जी थोडी शंका आली होती, तीही गेली. परत तोच खेळ चालला आहे, असे म्हणून तिने पाठ फिरवली.

सुतारपक्षी घोरपडीवर तुटून पडला. त्याने तिच्या शेपटीवर चोच मारली, पाठीवर मारली. घोरपडीने शेपटीचा असा फटका दिला, की तो भेलकांडत खालच्या फांदीवर आपटला. एका पंखाची पिसे विस्कटली. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की इथून कितीही ओरडले तरी उपयोग नाही. तो उठला आणि तसाच वेडावाकडा उडत, पडत, सावरत नदीवर गेला.

“टिटवीताई, या वेळी खरे आहे.”

“बेहड्यावरचे खरे कोणते आणि खोटे कोणते, ते कसे ओळखायचे?”

सुतारपक्ष्याला धाप लागली होती. तो म्हणाला, “बेहड्यावर विश्वास ठेवू नका. तुमचे अंडे राघूमुळे गेले आणि मला ते आधीच थांबवता आले असते. मी थांबवले नाही, कारण तो माझी स्तुती करत होता. पण धनेशीण वहिनी आत कोंडलेली आहे आणि घोरपड तिच्या दाराशी आहे.”

टिटवीने त्याच्या विस्कटलेल्या पंखाकडे पाहिले. शेपटीच्या फटक्याचा वळ पाहिला. मग ती वाळूवरून झेपावली आणि असा आवाज दिला, की पलीकडचे डोंगर दणाणले.

थोडा वेळ काहीच झाले नाही. आणि मग आला तो आवाज! भस्स, भस्स, भस्स. धनेशाचे पंख उडताना असे वाजतात. एक नाही, उंबरावर फळे खाणारे सगळे धनेश उठले होते. टेकडीवर सावल्या धावल्या. धनेशाने एवढी मोठी चोच घोरपडीच्या डोक्यात हाणली. दुसऱ्याने पायावर, तिसऱ्याने पाठीवर. घोरपडीची नखे सुटली आणि ती धपकन खाली पडून झुडपात पळाली. शेंड्यावरून खारीने तिच्यामागे एक बेहड्याचे फळ फेकले. ते लागले नाही, पण खारीला बरे वाटले.

दार अर्धे फुटले होते. आत धनेशीण होती आणि तिच्या पंखाखाली पिल्ले चोची वासून चिवचिवत होती. सगळी होती.

सुतारपक्ष्याने मुळीच वेळ घालवला नाही. त्याने नदीवरून चोच भरभरून चिखल आणला. आधी धनेशिणीचे दार लिंपायला दिला आणि मग राघूच्या ढोलीसमोर जाऊन उभा राहिला.

“दादा, मी तर मदतच करत होतो,” राघू म्हणाला.

“हो. आणि तुझ्या मदतीमुळेच मदत येत नव्हती,” सुतारपक्षी म्हणाला. “बाहेर ये. ढोली बुजवायची आहे.”

“नियमात असे आहे?”

“होते. तू टक् टक् केलेस तेव्हा मी ते सांगणार होतो.”

 राघू उडाला, पण थव्याकडे गेला नाही, नदीकडे गेला. टिटवीशी त्याचे काय बोलणे झाले ते कोणाला माहीत नाही. पण त्यानंतर कावळा वाळूवर घिरट्या घालू लागला, की काठावरच्या करंजातून राघूची कर्कश किंकाळी यायची आणि कावळा पळायचा. किंकाळी राघूच्या स्वतःच्या आवाजातली असायची.

बेहड्याकडे मात्र टिटवीने बरेच दिवस कान दिला नाही. त्या दिवशीचा निरोप तिने सुतारपक्ष्याच्या शब्दावर नेला होता, झाडाच्या नाही. धनेशीण तरीही रोज संध्याकाळी आपली हाक देत राहिली. एकच, छोटी, आपल्याच आवाजात. दरम्यान एक हुदहुद पक्षी ढोली मागायला आला. सुतारपक्ष्याने नियम सांगायला सुरुवात करताच त्याने टक् करायला चोच उचलली, तशी खार धावत आली.

“थांबा हो भाऊ,” ती म्हणाली, “शेवटचा तर फार महत्त्वाचा आहे.”

आणि मग ती संध्याकाळ आली. ऊन उतरले होते, बेहडा शांत होता. धनेशिणीने फटीतून चोच काढून सांगितले, आत सगळे ठीक आहे. हाक टेकडी उतरली. नदीवर पोचली. सगळ्या ढोल्यांतून डोकी बाहेर आली होती, कोणी हलत नव्हते. आणि वाळूवरून टिटवीचा खणखणीत आवाज उठला. तिने ती हाक उचलली आणि नदीपार, उंबरापर्यंत पोचती केली.

तात्पर्य : एकाच खोडातून सगळ्यांची हाक जाते तेव्हा एकाने केलेल्या खोटेपणाने सगळ्यांचाच आवाज अडतो, म्हणून नियम आधी पुरते ऐकावेत, मग टक् करावे, आणि नियम सांगणाऱ्याने ते मोठ्या आवाजवाल्यालाही लावावेत.